नातीगोती आणि ‘कोणाचं काय’: इंग्रजीच्या वर्गाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

डिसेंबरच्या नोंदी मोबाइलमध्ये होत्या, मोबाइल बदलला आणि गेल्या, म्हणून आता वर्ग झाला की त्याच रात्री लिहायचं ठरवलंय. वर्ग तोच, पुण्यात धायरीच्या बाजूला, समाजमंदिराची मागची खोली, शनिवारी चार ते साडेपाच. नऊ जणी. नावं लिहित नाही, कामावरून लिहिते: पोळ्यावाल्या काकू (सगळ्यात मोठ्या), शिलाईवाल्या ताई, बाळं सांभाळणाऱ्या मावशी, दोघी जावा ज्या बरोबर येतात आणि बरोबरच गप्प बसतात, आणि बाकी चौघी. बहुतेक जणी इंग्रजी पाचवीपासून शिकलेल्या, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं त्याच्या आधीची ही पिढी, सातवी-आठवीला शाळा सुटली. अक्षरं येतात, छोटे शब्द लागतात. पोरं मात्र इंग्लिश मीडियमला.

या आठ आठवड्यांचं काम: घरच्या माणसांची ओळख करून देता येणं आणि कोणाचं काय ते सांगता येणं. मदर, फादर, ब्रदर, सिस्टर हे तर सगळ्यांना येतंच, वीस मिनिटांत उरकू आणि पुढे जाऊ असा माझा प्लॅन होता. तासभर गेला तरी पहिलाच फळा चालू.

झालं असं की शिलाईवाल्या ताईंनी वडिलांना ‘ब्रदर’ म्हटलं. मी सुधारलं, त्या परत ब्रदर. मग कळलं की त्यांच्या घरी वडिलांना सगळे दादा म्हणतात. काकू म्हणाल्या यात काय, आम्ही आमच्या आईला वहिनी म्हणायचो, काका म्हणायचे म्हणून आम्हीपण. एकीने सासऱ्यांना अंकल केलं कारण ती त्यांना मामंजी म्हणते, आणि मामा म्हणजे अंकल हे तिला मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं! तिच्या सासूबाई आत्याबाई, त्यामुळे त्या आंटी. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली. नवरा म्हणजे ‘माय मिस्टर’, हे तर नऊच्या नऊ जणींचं एकमताने. आणि जिथे काम करतात तिथली फॅमिली गावाला गेलीय म्हणजे फक्त साहेबांची बायको गेलीय, साहेब आणि पोरं घरीच.

म्हणजे जे इंग्रजी शब्द यांना ‘येतात’ ते मराठीत येऊन वेगळ्याच कामाला लागलेत, ते आधी सोडवायला लागणार. पुढच्या वेळी फळ्यावर दोन रकाने: हाक काय मारता, आणि नातं काय.

११ जानेवारी, शनिवार

दोन रकाने चालले. हाकेच्या रकान्यात बाबा, दादा, आण्णा, आबा, पप्पा, भाऊ, सगळे एकाखाली एक आणि समोर एकच शब्द, फादर. जावा पहिल्यांदा हसल्या.

पण आज सासर होतं. मदर-इन-लॉ मी फोडून सांगितलं, लॉ म्हणजे कायदा, तर काकू म्हणाल्या म्हणजे सासू ही कायद्यातली आई का, मग कायद्याने वागते तरी का नाही. पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

सगळ्यात मोठी अडचण सिस्टर-इन-लॉची. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, चौघींना एकच शब्द. नणंद आणि जाऊ एकच कशी असेल? मावशींनी विचारलं की मग समोरच्या मॅडमला कळणार कसं की कोण आलीय, नणंद आली तर चार दिवस सुट्टी पाहिजे, जाऊ आली तर नको. प्रश्न अगदी रास्त आहे. मी तेव्हा ‘इंग्रजीत असंच असतं’ म्हणून पुढे गेले, हे उत्तर नव्हे हे मलाही माहीत आहे.

दुकानातून आणलेला फॅमिली ट्रीचा तक्ता वाया गेला. त्यात आजी, आजोबा, आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, एक कुत्रा. या नऊ जणींपैकी एकीचंही घर त्यात मावत नाही. तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर जावांच्या घराचं झाड काढलं, खाली जागा संपली म्हणून एक दीर मार्जिनमध्ये गेला.

कझिनवर मात्र कोणीच ऐकेना. मामेबहीण आणि मावसबहीण दोन्ही कझिन हे त्यांना चुकीचंच वाटतं, आणि बरोबर आहे त्यांचं, त्यांच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि मावशीची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी, तिच्याशी लग्नाचा विषयच नाही. शब्द वेगळे आहेत कारण वागणं वेगळं आहे.

१३ जानेवारी, सोमवार (घरी)

त्या कझिनने डोकं खाल्लं म्हणून शब्दकोश उघडून बसले. मजाच आहे. अंकल आला लॅटिनमधल्या ‘आवुंकुलुस’वरून, तो म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. काकाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, ‘पात्रुउस’. आंट आला ‘आमिता’वरून, म्हणजे बापाची बहीण, आत्या! आणि कझिन ज्या शब्दावरून आला तो मुळात मावशीच्या पोरांचा. जुन्या इंग्रजीतपण मामाला आणि काकाला वेगवेगळे शब्द होते. म्हणजे त्यांच्याकडेही होतं सगळं, मामा, काका, आत्या वेगळे, पुढे मिसळून गेलं. शनिवारी सांगणार. व्याकरणाला याचा उपयोग शून्य, पण ‘आपल्याला येत नाही’ असं वाटत असताना ‘त्यांचं हरवलंय’ हे ऐकलं की बाई जरा ताठ बसते.

१८ जानेवारी, शनिवार

तिघीच आल्या. संक्रांत झाली, आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, शनिवारची संध्याकाळ कोण देतं. मी पण हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. तिघींना मामा-आत्याची गोष्ट सांगितली, काकू खूश, ‘म्हणजे माझे मामंजी अंकल म्हटले तरी चाललं असतं’ म्हणाल्या, तसं नाही हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.

तिघीच आहेत तर नवीन सुरू करू म्हणून हिज आणि हर घेतलं. आणि आज मला पहिल्यांदा चुका नीट लिहून घेता आल्या, नऊ जणींत ते जमत नाही. जशाच्या तशा लिहिते:

काकू: नवऱ्याबद्दल, ‘देअर नेम इज...’ आणि थांबल्या. एक तर नाव घ्यायचं नाही, दुसरं म्हणजे हिज म्हणायला तयार नाहीत.

शिलाईवाल्या ताई: मुलगा आणि त्याची बायको दाखवत, ‘धिस इज माय सन, धिस इज हर वाइफ’.

मावशी: ‘धिस इज माय मदर, हर नेम इज’ बरोबर, लगेच पुढे ‘धिस इज माय फादर, देअर नेम इज’.

मावशींचं ऐकून मी हसले आणि मग लक्षात आलं की त्यांचं काहीच चुकलेलं नाही, त्या मराठी तंतोतंत बोलतायत. आईला आपण अगं म्हणतो, ती, तिचं. बाबांना अहो, ते, त्यांचं. ‘त्यांचं’चं इंग्रजी मी स्वतःच डिसेंबरात फळ्यावर ‘देअर’ असं लिहून दिलंय. आता बापाला हिज म्हणायचं म्हणजे त्याला अरेतुरे करायचं, आणि ते मी सांगतेय.

काकूंना म्हटलं की इंग्रजीत अहोजाहो नाहीच, पोरगा असो, नवरा असो, पंतप्रधान असो, ‘ही’ आणि ‘हिज’. काकू म्हणाल्या मग त्यांच्यात मान देतात कसा. मी सांगितलं सर म्हणतात, आवाज हळू ठेवतात, प्लीज म्हणतात. त्यांना हे फार काही पटलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

‘हर वाइफ’ का येतं यावर सकाळपासून विचार करतेय, भाजी निवडताना सापडलं बहुतेक.

हिंदीत ‘उसकी बीवी’. त्यात तो की ती हे कळतच नाही, फक्त मागची ‘की’ बायकोकडे बघते. त्यामुळे हिंदीवाल्यांना हिज-हर अवघड जाणार हे समजू शकतं. पण मराठीत आपण म्हणतो ‘त्याची बायको’. यात दोन भाग आहेत. पुढचा ‘त्या’ सांगतो मालक पुरुष आहे, मागची ‘ची’ सांगते की वस्तू, म्हणजे इथे बायको, स्त्रीलिंगी आहे. तिचा भाऊ: ‘ति’ मालकीण, ‘चा’ भाऊ. इंग्रजीला पाहिजे ते उत्तर मराठी शब्दाच्या डोक्यातच पडलंय! या बायका फक्त शेपटीकडे बघतायत, ‘ची’ ऐकलं की हर, ‘चा’ ऐकलं की हिज.

म्हणजे नियम एवढाच: त्या आला तर हिज, ति आला तर हर, आणि मागचं चा-ची-चे-च्या कापून टाका. डोकं ठेवा, शेपूट कापा. मासे साफ करणाऱ्या बाईला हे उलटं वाटेल, पण असू दे.

पंधरा वर्षं इंग्रजी-मराठी दोन्ही बोलतेय आणि हे आज कळलं.

२५ जानेवारी, शनिवार

पाच जणी. वहीतल्या कागदाच्या पट्ट्यांवर ‘त्याची’, ‘तिचा’, ‘त्याचे’, ‘तिच्या’ असे मोठ्या अक्षरात लिहून नेले आणि खरंच कात्री दिली. शिलाईवाल्या ताईंनी एका मिनिटात सगळ्यांच्या शेपट्या कापल्या, त्यांचा हातच तो. उरले फक्त त्या आणि ति. मग मी मराठीत बोलायचं, त्यांनी पट्टी वर करून इंग्रजी म्हणायचं. तिचा नवरा: हर हजबंड. त्याची सासू: हिज मदर-इन-लॉ. पस्तीसेक वाक्यांत तीन चुका.

मग मीच घोळ घातला. उत्साहात म्हटलं, ‘ती आपल्या मुलीला घेऊन आली’. सगळ्या एका सुरात: अवर डॉटर. अर्थात! आपल्या म्हणजे अवर. इथे डोकंही नाही आणि शेपूटही कामाची नाही, मालक कोण ते वाक्याच्या सुरुवातीला जाऊन शोधायचं. हे आत्ता घेणार नाही, वहीत कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि ‘चुकून बोलले’ म्हणून सांगितलं. दुसरी जाऊ हुशार आहे, तिने तेही लिहून घेतलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा वर्ग सगळ्यात चांगला झाला.

नावाच्या मागे लागणारा तो ‘स’ घ्यायचा होता, वरच्या स्वल्पविरामासकट. पुस्तकांत असतं राजूची पेन्सिल, मीनाचा बॉल. या बायकांना कसली पेन्सिल आणि कसला बॉल? म्हणून मागच्या वेळी सांगितलं होतं की घरातलं नाव घातलेलं एकेक भांडं आणा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर मशीनने नाव घालून घेतात, लग्नातलं असेल तर कोणाकडून ते आणि तारीखपण. नऊच्या नऊ जणी आल्या, हळदीकुंकू असूनही, आणि दोघी-तिघींनी दोन-दोन आणली. टेबलावर पातेली, डबे, तांब्या, एक पिंप.

पहिला प्रश्न ‘हूज डबा इज धिस?’ भांड्यांचे शब्द मी मराठीच ठेवले, डब्याला इंग्रजी शोधत बसलो तर मुद्दा निसटतो. भांडं उचलायचं, नाव वाचायचं, उत्तर द्यायचं. नाव आणि वस्तू यांच्या मध्ये फक्त एक ‘स’, वस्तू डबा असो की परात की पातेलं, चा-ची-चं असलं काही नाही. आणि नावात काही मोडतोड नाही. मराठीत मुलगा म्हटल्यावर मुलाचा, सासू म्हटल्यावर सासूचा पण सासरा म्हटल्यावर सासऱ्याचा, इंग्रजीत नाव जसंच्या तसं. हे ऐकून धाकटी जाऊ म्हणाली, मग हे सोपंय की, उगाच घाबरवलं. (उच्चार तीन प्रकारे होतो, कुठे स, कुठे ज, कुठे इज. आज सांगितलं नाही, ऐकून ऐकून येईल.)

स्वल्पविराम वर का, हे काकूंनी विचारलंच. सांगितलं की फार पूर्वी तिथे ‘ई’ आणि ‘एस’ अशी दोन अक्षरं लावायचे, ‘ई’ गळालं, त्याच्या जागेवर ही खूण राहिली. ‘म्हणजे दात पडल्यावर खाच राहते तशी’, काकू.

मग त्यांच्याच पातेल्यावरचं वाचलं, मोठ्या मामांकडून सप्रेम भेट, १९८७. मी म्हटलं, हे कोणाचं, सगळं सांगा, आणि त्यांनी मराठीत सांगितलं, ‘माझ्या आईच्या भावाची भेट’. मी तेच शब्द त्याच क्रमाने फळ्यावर: माय, मदर’स, ब्रदर’स, गिफ्ट. क्रम हलला नाही! इतके दिवस यांना वाटत होतं की इंग्रजी म्हणजे सगळं उलटं करायचं, क्रियापद मध्ये आणायचं, आणि इथे आगगाडीचे डबे जसेच्या तसे. खोलीत एकदम आवाज वाढला.

आणि कझिनचं भांडण मिटलं. मामेबहीण म्हणजे माय मदर’स ब्रदर’स डॉटर. मावसबहीण, माय मदर’स सिस्टर’स डॉटर. नणंद, माय हजबंड’स सिस्टर. जाऊ, माय हजबंड’स ब्रदर’स वाइफ, जावांनी एकमेकींकडे बोट दाखवून म्हटलं. शब्द नसला तर गाडी जोडा. मावशींना आता मॅडमला सांगता येईल की कोण आलीय आणि किती दिवस सुट्टी लागणार.

शेवटी कोडी. ‘माय मदर’स मदर’स डॉटर कोण?’ अर्ध्या म्हणाल्या मावशी, अर्ध्या म्हणाल्या आई, त्यावर भांडण, साडेपाचचे सहा वाजले, दिवा लावायची वेळ झाली म्हणून उठल्या. एक तांब्या इथेच विसरलाय, आता नाव वाचून कोणाचा ते कळेल म्हणा.

८ फेब्रुवारी, शनिवार

हॅज आणि हॅव. मला वाटलं होतं नेहमीच्याच चुका येतील, शी हॅव वगैरे. पण शिलाईवाल्या ताईंच्या वहीत बघितलं:

आय हॅज वन सन.
आय हॅव टू डॉटर्स.
शी हॅज वन ब्रदर.
शी हॅव थ्री ब्रदर्स.

चारपैकी दोन बरोबर, तर अंदाजे लिहिलंय समजून मी पुढे जाणार होते. पण त्या अंदाजाने काही करणाऱ्यातल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, एक असला की हॅज, जास्त असले की हॅव. नियम आहे! आणि तो नियम मराठीच आहे, मला एक मुलगा आहे, मला दोन मुली आहेत, आहे आणि आहेत हे मुलांच्या संख्येवर ठरतं, माझ्यावर नाही. पुन्हा तीच शेपूट. मराठीत ज्याच्याबद्दल बोलतोय ती वस्तू क्रियापदाला ओढते, इंग्रजीत मालक ओढतो. पट्ट्यांचा खेळ आठवला आणि एवढंच म्हटलं, ‘ताई, इथेपण मालक बघा’. त्यांनी दोन ओळी खोडल्या आणि बरोबर केल्या, मी एक शब्द जास्त बोलले नाही. आता फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘मालक बघा’ असं कायमचं लिहून ठेवलंय, समाजमंदिरातल्या भजनी मंडळाला त्याचा काय अर्थ लागत असेल देव जाणे.

मावशींचा घोळ वेगळाच. मराठीत माणसं असली तर ‘मला’, वस्तू असली तर ‘माझ्याकडे’: मला दोन मुलं आहेत, माझ्याकडे दोन कुकर आहेत. इंग्रजीत दोन्हीला हॅव, सोपं झालं म्हणून मी खूश. तर मावशी म्हणाल्या, मला एक मुलगा आहे, आणि माझ्याकडे दोन मुलं आहेत. खरंच आहे, दोन घरची दोन बाळं त्यांच्याकडे असतात सकाळी नऊ ते सहा. मग ‘आय हॅव थ्री चिल्ड्रन’ का? नाही ना. त्यांच्यासाठी ‘आय लुक आफ्टर टू चिल्ड्रन’ असं वेगळं वाक्य करून दिलं, त्यांनी ते पाच-सहा वेळा म्हणून पाठ केलं. त्यांच्या कामाचं वाक्य आहे, बाकी व्याकरणापेक्षा हेच जास्त लागणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फॉर्मचा दिवस. शाळेच्या ॲडमिशनचा एक इंग्रजी फॉर्म मिळवून झेरॉक्स काढल्या. चाइल्ड’स नेम, मदर’स नेम, फादर’स नेम, फादर’स ऑक्युपेशन. स्वल्पविराम दिसला की मालक, सगळ्यांना वाचता आलं, पहिल्यांदाच फॉर्म हा प्रकार आपल्याशी बोलतोय असं वाटलं असं धाकटी जाऊ म्हणाली.

अडलं ते मिडल नेमवर. खरं तर आपलं नावच एक गाडी आहे, मधलं नाव म्हणजे कोणाची मुलगी, लग्नानंतर कोणाची बायको, फक्त चा-ची गाळलेलं. यांच्यापैकी तिघींची जुनी कागदपत्रं वडिलांच्या नावाची आणि नवी नवऱ्याच्या नावाची, आणि त्यावरून बँकेत किती चकरा झाल्या हा विषय निघाला तो थांबेना. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं हे सांगितलं. दोघींना माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. मोठी जाऊ म्हणाली, माझी नात जूनमध्ये झाली, म्हणजे सूनबाईचं नाव आधी? मी म्हटलं हो. ती गप्प झाली, आनंदाने की कसं ते कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

या विषयाचा शेवटचा वर्ग, पुढच्या शनिवारपासून ‘फोनवर कसं बोलायचं’ हे सुरू. परीक्षा म्हणून एकेकीने उभं राहून मोबाइलमधला घरच्यांचा एक फोटो दाखवून सहा वाक्यं बोलायची. आठ जणी आल्या, बुधवारच्या महाशिवरात्रीसाठी एक गावाला गेली.

हिज-हर आठपैकी सहा जणींचं पक्कं. हॅज-हॅव निम्म्या जणींचं, घाई झाली की एक-अनेक परत येतं. नावामागचा ‘स’ बोलताना सगळ्यांना येतो, लिहिताना विसरतात, किंवा जिथे नको तिथेपण लावतात, मावशींनी ‘टू कुकर’स’ लिहिलं. ‘माय मिस्टर’ गेलं नाही, मीपण आता त्याच्या मागे लागणार नाही, अख्खं पुणे म्हणतं.

काकू शेवटी उठल्या. फोटो जुना, नवऱ्याबरोबर जेजुरीला काढलेला. ‘धिस इज मी. धिस इज माय हजबंड.’ थांबल्या. मी ओठ हलवून हिज म्हणून दाखवलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘माय सन’स फादर’स नेम इज...’ आणि नाव घेतलं. हिज नाही आणि देअरपण नाही, गाडीच जोडली बाईंनी. व्याकरण बरोबर. मी पूर्ण मार्क दिले.

तो तांब्या अजून इथेच आहे. नाव कोणाच्या तरी आत्याचं निघालं, आणि ती आत्या कोणाची हे कोणीच कबूल करत नाहीये.